गुंडलुपेटचा फुलोरा

नंजनगूड मागे पडलं की म्हैसूरहून उटीकडे जाणाऱ्या रस्त्याचा रंग बदलायला लागतो. कपिलेवरचा पूल, श्रीकंठेश्वराचं उंच गोपूर, रसबाळे केळ्यांचे घड टांगलेली दुकानं संपतात आणि लाल माती सुरू होते. केळी, हळद, मधूनच नारळाची रांग. बेगूर ओलांडलं, तेव्हा पहिला पिवळा तुकडा दिसला तो रस्त्यापासून आत, शेवग्याच्या झाडांमागे. मग एक चढ आला. चढावरून पुढे पाहिलं तर उजव्या हाताची सगळी उतरण पिवळीधमक होती आणि तिच्या पार पलीकडे, ढगांखाली, निलगिरीची निळसर रेघ.

जुलैचा तिसरा आठवडा होता. चामराजनगर जिल्ह्यातल्या या गुंडलुपेट तालुक्यात मेमध्ये वळवाच्या पावसावर सूर्यफूल पेरतात आणि जुलैत ते फुलतं. पश्चिम घाटाच्या आडोशाला असल्यामुळे इथे पाऊस धो धो पडत नाही. भुरभुर येते, थांबते, वारा सुटतो, पुन्हा ऊन पडतं. शेजारच्या वायनाडमध्ये त्याच दिवसांत छत्री मिटता येत नाही. म्हणून केरळच्या पाट्यांच्या गाड्या घाट चढून इथे येतात, रस्त्याकडेला उभ्या राहतात आणि घरंच्या घरं शेतात उतरतात.

मी मात्र उलट दिशेने, सोलापूरहून गोलगुंबज एक्स्प्रेसने म्हैसूर गाठून आले होते. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात. माझ्या लहानपणी अक्कलकोटहून सोलापूरला जाताना एसटीच्या खिडकीतून सूर्यफूल दिसायचंच, त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. आज तिथे तूर आहे, सोयाबीन आहे, पाणी असेल तिथे ऊस आहे. माझ्या भाच्यांनी सूर्यफुलाचं उभं रान पाहिलेलंच नाही. आमच्याकडून जे गेलं ते इथे कसं टिकलं, हे मला शेतात उभं राहून बघायचं होतं. घरात आजीमुळे कानडी बोललं जायचं, ते इथे उपयोगी पडलं. माझं सीमेवरचं कानडी ऐकून लोक आधी हसत आणि मग दुप्पट आपुलकीने बोलत.

रस्त्यालगतच्या एका शेताच्या तोंडाशी दोरी बांधली होती. माणशी वीस रुपये देऊन आत जायचं. दोरीजवळ बसलेल्या अण्णांनी पैसे घेतले आणि पहिली सूचना केली, "मळलेल्या वाटेनेच चाला. ओळीत शिरू नका, सकाळ आहे." सकाळ आहे म्हणजे काय, ते आत गेल्यावर कळलं.

त्यांची बायको, अक्का, ओळीतून चालत होती. उजव्या तळहाताला धुवून मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. एका फुलावर हात ठेवायचा, हलकेच गोल फिरवायचा, की पुढचं फूल. तोच हात, तेच फडकं. फडक्यावर परागाचा जाड पिवळा थर बसला होता आणि अक्कांचा हात कोपरापर्यंत पिवळा झाला होता. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हे काम करायचं असतं, कारण पराग त्याच वेळी ताजा आणि मोकळा असतो. एका फुलाचा पराग दुसऱ्याला मिळाला नाही तर दाणा पोचट राहतो. बाहेरून टरफल छान काळं दिसतं, आत गर नसतो.

"मी येऊ का करायला?" मी विचारलं.

"ये की," असं म्हणून त्यांनी कमरेला खोचलेलं दुसरं फडकं काढून दिलं.

हे काम केल्याशिवाय सूर्यफूल जवळून बघणं होत नाही, असं मी आता खात्रीने म्हणेन. लांबून जे एक फूल दिसतं ती शेकडो बारक्या फुलांची भरगच्च तबकडी असते. कडेच्या मोठ्या पिवळ्या पाकळ्या नुसत्या दाखवण्यासाठी; त्यांच्या बुडाशी दाणा धरत नाही. दाणा धरतो तो मधल्या बारीक फुलांत आणि ती बाहेरून आत, रोज एक ते चार वर्तुळं, अशी उमलत जातात. माझ्या हातातल्या फुलात सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसत होत्या. कडेच्या वर्तुळात केसाएवढ्या, टोकाला दुभंगून मागे वळलेल्या पिवळ्या जिभा. ती कालची फुलं, आज पराग घ्यायला तयार. त्यांच्या आत काळसर नळ्या, आणि त्यांच्या तोंडातून दाबून वर आलेला पराग, ती आजची. त्यांच्याही आत हिरव्या, घट्ट मिटलेल्या कळ्या. एकच बारीक फूल आधी पराग देतं आणि मग दुसऱ्या दिवशी घेतं. पाच ते दहा दिवसांत मधल्या शेवटच्या कळीपर्यंत हे सगळं आटपतं. आपण ज्याला ऐन बहर म्हणतो, तो शेतकऱ्याच्या हातात एवढाच वेळ असतो. पीक नव्वदएक दिवसांचं, पण पोतं भरणार की रिकामं राहणार हे या आठवड्यात ठरतं.

अर्थात खरं काम मधमाश्या करतात. सातेरीच्या माश्या फुलाफुलावर होत्या, आणि मधूनच आग्या माशी येऊन जड आवाजात घिरटी घालायची. फुलोऱ्यात फवारणी करायची नाही, हे अण्णा दोनदा बजावून बोलले. शेजारच्याने फवारलं तरी आपल्या माश्या मरतात, म्हणून या शिवारात सगळे आधी एकमेकांना विचारतात.

त्या ओळीत चालताना अंग खाजतं. पानं खरखरीत, देठ लवदार, आणि ओल्या पानांचा थोडा राळेसारखा वास येतो. फुलं माझ्या खांद्याला लागत होती. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, पूर्वेला. कोवळ्या वयात सूर्यफुलाचा शेंडा दिवसभर सूर्यामागे फिरतो आणि रात्रीतून परत पूर्वेला येतो. पण फूल पूर्ण उमललं की फिरणं थांबतं आणि ते कायमचं पूर्वेकडे बघत राहतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ साली यामागचं कारण प्रसिद्ध केलं. त्यांनी काही फुलांच्या कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे वळवून ठेवल्या आणि माश्या मोजल्या. पूर्वेकडच्या फुलांवर सकाळी पाचपटीपर्यंत जास्त माश्या आल्या, कारण सकाळचं ऊन थेट अंगावर घेऊन ती लवकर तापतात आणि माशीला ऊबदार फूल आवडतं.

हे डोक्यात असल्यामुळे गाडीतून न समजलेली एक गोष्ट परतताना समजली. म्हैसूर-गुंडलुपेट रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो. पश्चिमेकडच्या शेतांतली फुलं रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि पूर्वेकडच्या शेतांनी रस्त्याकडे पाठ फिरवलेली. दोऱ्या, पाट्या, गाड्या, शहाळ्याचे गाडे, सगळं पश्चिमेच्या अंगाला! पलीकडचा शेतकरी तेच बियाणं पेरतो, तेवढंच राबतो, पण त्याच्या बांधावर कुणी उतरत नाही.

शेतात दहानंतर गर्दी वाढली. एका मल्याळी घरातल्या आजीबाई पांढऱ्याशुभ्र मुंडूत आल्या होत्या. फोटो झाल्यावर बाकीचे गाडीकडे वळले तरी त्या फुलासमोर उभ्याच होत्या, बोटाने मधलं वर्तुळ चाचपत. तरुण मुलांचा एक घोळका मात्र ओळीत घुसला, एकाने देठ वाकवून फूल तोंडाजवळ ओढलं आणि देठ कटकन मोडला. अण्णा काही बोलले नाहीत. मोडलेलं ताट उचलून त्यांनी बांधावर ठेवलं. मला फार राग आला. वीस रुपये फुलाजवळ उभं राहण्याचे असतात, फुलाचे नसतात, आणि त्या एका फुलात मूठभर दाणे भरायचे होते.

ऊन चढल्यावर अक्कांनी काम थांबवलं आणि आम्ही शेवग्याखाली बसलो. नाचणीचं मुद्दे म्हणजे उकडलेला गोळा, आणि अवरेकाळू म्हणजे पावटे घातलेलं सांबार. मुद्दे न चावता गिळायचं असतं, ते मला आजीने शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना बरं वाटलं. मी माझा प्रश्न काढला, तुमच्याकडे हे टिकलं कसं?

याचा अर्धा इतिहास मला ठाऊक होता. तेलाचं पीक म्हणून सूर्यफूल आपल्या देशात आलं १९६९ च्या सुमारास, सोव्हिएत रशियातून आणलेल्या वाणांच्या रूपाने. १९८० मध्ये बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने देशातला पहिला संकरित वाण, बीएसएच-१, दिला. आपल्या लातूरच्या संशोधन केंद्रातूनही संकरित वाण आले. पुढच्या दहा-बारा वर्षांत कर्नाटक, आंध्र, मराठवाडा, सोलापूर असा मोठा पट्टा पिवळा झाला. मग १९९७ मध्ये कर्नाटकातल्या बागेपल्लीला शेंडे करपवणारा विषाणूचा रोग दिसला. फुलकिडे तो परागातून पसरवतात, आणि बांधावरचं गाजरगवत वरून हिरवंगार राहून तो विषाणू अंगात सांभाळतं. त्याच काळात बाहेरचं तेल स्वस्तात येऊ लागलं. आज आपण खातो त्यातलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन, रशिया, अर्जेंटिना इथून येतं; २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपल्या किराणा दुकानातला डबा महागला तो त्यामुळेच. कर्नाटक अजून या पिकात पुढे आहे, पण तिथेही पेरा पूर्वीइतका राहिलेला नाही.

अण्णांनी उरलेलं सांगितलं. हे पीक तीन महिन्यांत रान मोकळं करतं, त्यामुळे परतीच्या पावसावर दुसरं पीक निघतं. हमीभाव आहे, २०२५-२६ साठी क्विंटलला ७,७२१ रुपये. पण खरेदी उशिरा सुरू झाली तर ज्याला पैशाची नड आहे तो व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो. फोटोच्या पैशांतून फवारणी-खुरपणीचा काही खर्च निघतो, त्यांना तो हवाच आहे.

"आणि पोपट?" मी विचारलं. आमच्याकडे सूर्यफूल सोडलेला प्रत्येक माणूस पहिलं नाव पोपटाचं घेतो.

अण्णांनी हात पसरून शिवार दाखवलं. "दाणा भरला की येतात. पण खाऊन खाऊन किती खातील? माझ्याकडे दोन ओळी, त्याच्याकडे दोन ओळी. सगळ्यांनी पेरलंय, म्हणून कुणाचं वाटोळं होत नाही. एकट्याने पेरलं असतं तर पोपटांनी ताटं रिकामी केली असती." सकाळ-संध्याकाळ डबे वाजवायचे, चकाकणाऱ्या फिती बांधायच्या, पोरं राखणीला बसवायची, तेही आळीपाळीने होतं. फूल मागून लिंबासारखं पिवळं पडलं की काढणीला आलं. तोवर ही जागल.

दुपारी मी हिमवद् गोपालस्वामी बेट्टावर गेले. बंदीपूरच्या जंगलातला हा १,४५४ मीटरचा डोंगर. वर खासगी गाडी नेऊ देत नाहीत, पायथ्यापासून सरकारी बस जाते. होयसळ राजा बल्लाळाच्या काळात बांधलेलं वेणुगोपालाचं देऊळ धुक्यात होतं, गाभाऱ्याच्या चौकटीतून पाणी ठिबकत होतं. धुकं थोडा वेळ फाटलं तेव्हा खालचं सगळं शिवार दिसलं. सूर्यफुलाचे पिवळे तुकडे, झेंडूचे केशरी, नांगरून टाकलेली लाल रानं. वरून बघताना अण्णांचं बोलणं डोळ्यांसमोर मांडल्यासारखं होतं. पिवळा तुकडा एकटा असा कुठेच नव्हता. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा.

गुंडलुपेटच्या बसस्थानकावर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. रात्री नऊला बंदीपूरचा रस्ता बंद होतो, त्याआधी पलीकडे जाणाऱ्या गाड्यांची घाई चालली होती. मी भावाला फोन लावला. ऑक्टोबरात, रब्बीला, एक एकर सूर्यफूल पेरशील का, असं सरळ विचारलं.

"पेरलं असतं गं," तो म्हणाला, "पण गावात एकट्याचंच असलं की पंचक्रोशीतले पोपट माझ्याच रानात. मागे त्या बसाप्पाने पेरलं तर निम्मं हाती लागलं नाही. चौघं-पाचजण लागून लागून पेरणार असतील तर मी तयार आहे."

मल्लुकाकांचं रान त्याच्या बांधाला लागून आहे, आणि त्यांच्या पलीकडे चुलत्यांचं. म्हैसूरची बस सुटायला अवकाश होता, तेवढ्यात मी मल्लुकाकांचा नंबर लावला.