वजाबाकीची विद्या

प्रवासाला निघताना सामान बांधणारांचे दोन पंथ आढळतात. एका पंथाचे लोक "असू द्या, लागेल कधीतरी" म्हणून दिसेल ती वस्तू वळकटीत कोंबतात, दुसरे प्रत्येक वस्तूला विचारतात, "तुझ्यावाचून अडेल काय?" मी जन्माने पहिल्या पंथातला, भक्ती मात्र दुसऱ्यावर! म्हणूनच, ज्याच्या मोटारीत मी कधी बसलो नाही, त्या कॉलिन चॅपमनविषयी मला विलक्षण कुतूहल वाटते.

या इंग्रज तरुणाने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर आपली पहिली मोटार रचली आणि १९५२ साली लंडनच्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या हॉटेलामागील तबेल्यात कारखाना थाटला. नाव ठेवले लोटस, म्हणजे आपले कमळ! पाण्यात राहून पाण्याचा भार न घेणाऱ्या फुलाचे हे नाव त्या गाड्यांना शोभले खरे. इतर कारखानदार वेगासाठी मोठे एंजिन बसवीत. हा वजन काढून टाकी. थोरल्या एंजिनाचा लाभ मुख्यतः सरळ रस्त्यावर; पण हलकी गाडी धाव घेताना, वळताना आणि थांबतानाही चपळ. १९५७ च्या त्याच्या 'सेव्हन'चे वजन ५०० किलोच्या आत होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अल्युमिनियमचा पत्रा, की झाली गाडी! तयार मोटारीवरचा खरेदीकर सुट्या भागांना लागत नसे. तेव्हा गिऱ्हाइकाने भाग घरी न्यावे आणि गाडी आपल्या हातांनी जुळवावी. लोटसने सोडलेली ही गाडी १९७३ पासून कॅटरहॅम कारखान्याने पुढे चालविली.

१९६२ च्या शर्यतीच्या गाडीतून तर चॅपमनने सांगाडाच वगळला. बाहेरचे कवच हाच तिचा अस्थिपंजर! तिच्यावरच जिम क्लार्क १९६३ साली जगज्जेता झाला.

पण योखेन रिंटची हकीकत वाचल्यापासून हलकेपणाची स्तुती करताना माझी जीभ अडखळते. १९६९ साली बार्सिलोनाच्या शर्यतीत गाडीचा पंख मोडून तो जखमी झाला. मग त्याने चॅपमनला पत्र लिहिले : तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की, दुबळे भाग थोडे जड केले तरी त्या मागे पडणार नाहीत. १९७० च्या सप्टेंबरात मोंझा येथे सरावाच्या वेळी त्याच्या लोटसच्या ब्रेकचा दांडा तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले.

काय वगळावे हे बुद्धी सांगते. कोठे थांबावे हे मात्र, आत बसणाराचा जीव आपल्याला किती मोलाचा वाटतो त्यावर ठरते. संसारात काटकसर करणाऱ्या कर्त्या माणसासही हा हिशेब चुकत नाही.

चॅपमन १९८२ साली वारला. २०२२ साली लोटसने पुढे आणलेली विजेवरची 'इलेट्रे' सुमारे अडीच टनांची आहे. म्हणजे पाच सेव्हनांहून भारी! घराण्यांतून असे घडतेच. आजोबांनी हट्टाने टाकून दिलेले ओझे नातवंडे हौसेने उचलून आणतात, आणि भिंतीवरच्या तसबिरीला हार मात्र आजोबांच्याच घालतात.