उजवी लाट

मिनेसोटातल्या मिनेटोंका तलावावर माझ्या बोटीची डावी लाट लोकांना माहीत आहे. उन्हाळ्यात सकाळी वायझेटा बेमध्ये समोरून जाणारे हात वर करतात ते बोटीला नव्हे, तिच्या मागच्या पाण्याला. निदान मी तरी तसंच समजत आलो आहे. बोट जुनी आहे. बटण दाबलं की लाट घडवून देणारी पाती तिला नाहीत. वजन किती आणि कुठे, एवढ्यावरच सगळं. ते वजन मी कित्येक उन्हाळे इंचाइंचाने सरकवत डाव्या बाजूला बसवलं, आणि एकदा बसल्यावर त्याला हात लावणं सोडून दिलं. आल्यागेल्याला ती लाट मी घरातला दागिना दाखवावा तशी दाखवत असे.

यंदा शेजाऱ्यांची मुलगी वेकसर्फिंग, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर दोरी सोडून फळीवर राहणं, शिकायला येऊ लागली आणि फळीवर उभी राहताना तिने उजवा पाय पुढे टाकला. लाटेकडे तोंड ठेवायचं तर अशा माणसाला बोटीच्या उजव्या बाजूची लाट लागते. त्याच सुमारास माझा उजवा खांदा धरला. बोटीत वजनासाठी ठेवतो त्या शिशाच्या पिशव्या उचलायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. एक पिशवी 50 पौंडांची, आणि ती ठेवायची म्हणजे सीटखालच्या खणात वाकून, हात पूर्ण लांब करून.

"काका, डावीकडचं सगळं उजवीकडे ठेवू या ना," ती म्हणाली. ठेवलं. मागच्या उजव्या खणात 750 पौंडांची पाण्याची पिशवी, नाळेत 400 पौंड, उजव्या सीटखाली शिसं. लाट उठली, चांगली उंच उठली, पण तिचा माथा फेसाळत होता आणि ढकलणारं पाणी चार हातांवर संपत होतं. डावीकडे याच वजनावर माणूस दोरी टाकून निवांत राहतो. उजवीकडे पोरगी जरा मागे सरकली की पाणी तिला सोडून देई.

तेव्हापासून मी या एका गोष्टीत अडकलो आहे. जेवताना, गाडी चालवताना डोक्यात तेच.

माझ्या बोटीचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि त्याच्या उलट्या रेट्याने बोट डावीकडे कलते. डाव्या लाटेला हे कलणं आयतं मिळालेलं होतं. त्याचं श्रेय मी खुशाल स्वतःकडे घेत होतो. उजवीकडे तोच रेटा माझ्या वजनाविरुद्ध उभा राहतो. चालक उजवीकडे बसतो, त्याने थोडी भरपाई होते, पण पुरत नाही. बरं, उजवीकडे आणखी पाणी भरावं, तर कललेली बोट सरळ चालत नाही. उजवीकडे कलली की ती डावीकडे वळू पाहते. मग सुकाणू सतत उजवीकडे धरावं लागतं, आणि त्या वळलेल्या सुकाणूवरून पंख्याचं घुसळलेलं पाणी नेमकं उजवीकडे, लाटेच्या पायाशी जातं. भार वाढवून लाट उंच होते आणि त्याच भारापायी फेसाळतेही.

वेगाने काही साधतं, सगळं नाही. खोल पाण्यात ताशी 11 मैलांना लाट साधारण साडेपंधरा मीटर लांबीची होते. वेग अर्ध्या मैलाने उतरवला की ती जवळजवळ दीड मीटरने आखडते. ते वजनाच्या हातात नाही. वजनाच्या हातात आहे ती उंची, चढ, आणि माथा कुठे मोडणार ते. मागे भार वाढवला की लाट उभी होते आणि तिचा ढकलणारा भाग आखूड होतो, नाळेत वाढवला की लाट बसकी आणि तो भाग लांब. नाळेत फारच भरलं तर वळताना बोट आपलीच लाट नाळेवरून आत घेते, आणि त्यात बोटी बुडतात.

आणि अर्धी भरलेली पिशवी! 750 पौंडांच्या पिशवीत 500 पौंड पाणी ठेवलं तर ते 500 पौंड एका जागी नसतं. बोट कलली की ते खालच्या बाजूला धावतं, सरळ झाली की परत येतं, पण जरा उशिरा. त्या उशिरामुळे लाट फुगते, बसते, पुन्हा फुगते, आणि फळीवरच्या पोरीला वाटतं आपलाच तोल जातोय. लहान पिशवी काठोकाठ भरावी. मोठी अर्धी ठेवूच नये. पंप थांबला की मी पिशवीच्या तोंडाचं झाकण सैल करतो आणि कोपऱ्यांपासून तळहाताने दाबत हवा तोंडाकडे आणतो. ती आधी सुस्कारत येते, मग फुरफुरते, मग गार पाण्याचा एक उमाळा मनगटावर येतो. त्या क्षणी झाकण पिळायचं. आता हे डाव्या हाताने करावं लागतं, आणि कोपऱ्यात हवा उरली आहे की पाणी, ते माझ्या डाव्या हाताला कळत नाही. म्हणून हे काम पोरगी करते.

मालिबू या बोट कंपनीने 2012 मध्ये सर्फ गेट हे पात्यांचं साधन आणलं, मग बाकीच्यांचीही तशी साधनं आली. लाट हवी त्याच्या उलट बाजूचं पातं उघडतं, तिकडचं पाणी बोटीमागे मिळायला उशीर होतो आणि इकडची लाट स्वच्छ पडते; बोट कलवावी लागत नाही, बाजू बदलायला काही सेकंद पुरतात. सुरेख कल्पना आहे. तिच्या पेटंटवरून कंपन्या कोर्टात गेल्या यात मला नवल वाटलं नाही. माझा राग पात्यांवर नाही, ती वापरणाऱ्यांवर आहे. पडद्यावर सगळ्या टाक्या भरून टाकायच्या आणि कुठलं पाणी कुठे आहे हे न बघता काठाकाठाने निघायचं. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये सांगितलं की अशा बोटींनी काठापासून 500 फुटांहून जास्त लांब राहावं. लोकांच्या धक्क्यांना आणि काठाच्या मातीला बसणारा मार मी पाहतो आहे. मला ते शंभर टक्के पटतं. शिवाय उथळ पाण्यात लाट धड उभीच राहत नाही, म्हणजे काठाशी फिरणाऱ्याला स्वतःच्या लाटेचीही कदर नाही. त्याहून वाईट म्हणजे पिशव्यांत पाणी तसंच ठेवून दुसऱ्या तलावावर जाणारे. आमच्या तलावात 2010 पासून झेब्रा शिंपले आहेत. पिशवी कितीही उपसली तरी तळाशी पाणी राहतंच, आणि त्यात त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असतात. माझी बोट दुसऱ्या पाण्यात जात नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आमच्यावर रागावणारेही आहेत. वॉटर स्कीइंग याच मिनेसोटा राज्यात सुरू झालं, लेक पेपिनवर, 1922 मध्ये. जुन्या स्कीवाल्यांना बोटीमागे सपाट पाणी लागतं. आम्ही तलाव नासवला असं ते तोंडावर म्हणतात. मी ऐकून घेतो आणि त्यांच्या वेळा टाळतो.

शिसं आता शेजाऱ्यांची मुलगीच हलवते, मी नुसता सांगतो. "जरा मागे" म्हटलं की विचारते, "जरा म्हणजे किती, काका?" हाताला माहीत असलेलं शब्दांत मांडताना माझी दमछाक होते. मागच्याच आठवड्यात तिने माझं न ऐकता मागच्या उजव्या सीटखालच्या शिशाच्या दोन पिशव्या पुढे आणून चालकाच्या सीटखाली ठेवल्या. मी सुकाणूवर होतो. चाक हलकं झालेलं मला लगेच कळलं. इतकं दाबून धरावं लागेना. वेग 10.7 वर ठेवला, मागे पाहिलं, तर फेस माथ्याच्या मागे सरकला होता आणि ती पूर्वी जिथे सुटायची त्याच्याही मागे उभी होती, दोरी टाकून. मला आनंद झाला. पण त्याच्याही आधी मनात आलं की ही लाट आता लोक तिची म्हणतील. ते अजून मला सोसत नाही.

माथा अजून पुरता स्वच्छ नाही. नाळेतली 400 पौंडांची पिशवी मधोमध आहे, म्हणजे तिचा निम्मा भार डाव्या बाजूला जातो. तिच्या जागी दोन लहान पिशव्या घालून उजवी काठोकाठ आणि डावी पूर्ण रिकामी ठेवायची, असं ठरलं आहे. ऑक्टोबरात बोट वर काढून पंपांत अँटिफ्रीझ घालावं लागेल, त्याच्या आत हे करून पाहायचं. पिशव्या ती भरेल, सुकाणूवर मी.