तिकिटाची साक्ष

नव्या दिल्लीच्या स्थानकातून अजमेरी दरवाजाच्या अंगाने बाहेर पडले, की जी. बी. रोड हाकेच्या अंतरावर आहे. खाली यंत्रसामानाची दुकाने आणि वर कोठे, असा हा रस्ता. रजेवरून परतताना तेथून जाण्याचा प्रसंग आला, की माझा हात नकळत खिशातल्या तिकिटाकडे जातो. प्रवासभत्त्याच्या बिलाला जोडायचे म्हणून आपण सरकारी नोकर तिकीट कसे जिवापाड जपतो! पण त्याच गाडीने, कामाचे आमिष दाखवून आणलेल्या मुलीचे तिकीट कोण जपणार?

ते बहुधा तिच्या हाती येतच नाही. पुढे कधीतरी उलटतपासणीत तिला विचारतात, ‘कोणत्या तारखेस आलीस? कोणाबरोबर आलीस?’ भीतीने तारखा केव्हाच पुसून टाकलेल्या असतात. अशा वेळी आरक्षणाचा तक्ता तिच्या मदतीस येतो. एकाच दहा आकडी पीएनआर क्रमांकाखाली तिचे नाव आणि तिला घेऊन येणाऱ्या ‘मावशी’चे नाव शेजारी शेजारी उभे असते. फसवणूक झाली, हे तक्ता सांगत नाही. ते तिनेच सांगायचे. तिच्या शब्दाला तो आधार देतो, एवढेच. नाव खोटे दिलेले असेल किंवा प्रवास अनारक्षित डब्यातून झाला असेल, तर तोही मुकाच.

शिवाय संगणकातली नोंद नुसती छापून भागत नाही. तिच्यासोबत जबाबदार अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम 65-ब होते. 1 जुलै 2024 पासून नव्या अधिनियमात कलम 63 झाले. आपल्या जालन्याच्या 2014 मधील निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 14 जुलै 2020 रोजी न्यायालयाने हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. त्या प्रकरणात वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते. तो निकाल वाचताना मी ओशाळलो.

कारण एका कार्यालयात असताना माझ्याही मेजावर असेच एक पत्र आले होते. ‘संबंधित शाखेकडे’ असा शेरा मारून मी ते पुढे सरकविले. नऊ आठवडे फिरून ते पुन्हा माझ्याकडेच आले, तेव्हा मी प्रथमच त्याचे दुसरे पान उलटले. तेथे मुलीचे वय लिहिले होते : पंधरा.

सही मी त्याच दिवशी केली. खटल्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य मात्र मला आजवर झालेले नाही.