पाणी चढलेलं पोलाद

कुणाच्या मागच्या पडवीत पाटा-वरवंटा असतो, कुणाच्या पडवीत शिवणयंत्र. आमच्या साताऱ्याच्या घरात पडवीत लेथ आहे! हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या कारखान्यातला, जुनाच विकत घेतलेला. नोकरी सोडून यांनी तो मांडला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवते. 'तुला त्या लोखंडातलं काय कळतं?' असं शेजारणी हसून विचारतात. पण ज्या कामावर घरचं दूध-किराणा चालतो, ते काम घरच्या बाईला कळायलाच हवं. का, ते सांगते.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीजवळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथल्या ओसाड माळावर कारखाना उभारला आणि १९३० साली त्याच वाडीतून 'स्त्री' मासिक निघालं. लोखंडी नांगर आणि बायकांचं मासिक एकाच गावचं! तेव्हा लोखंड हा फक्त पुरुषांचा विषय, असं निदान आमच्या भागात तरी म्हणू नये.

लहानपणी गावचा लोहार कोयत्याला पाणी देताना आम्ही बघत उभ्या राहायचो. लालबुंद पातं चर्रकन पाण्यात जायचं. पाणी चढलं की पोलाद कडक होतं. पण तेवढ्यावर सोडलं तर ते काचेसारखं तुटतं. म्हणून पुन्हा थोडं तापवायचं, घासलेल्या पात्यावर गव्हाच्या काडाचा पिवळा रंग आला की थांबायचं.

यांच्या कामातही तेच, फक्त तिथे पाण्याऐवजी तेल असतं. बेअरिंगला लागतं ते एन-३१ पोलाद घ्या. त्यात शेकडा एक भाग कार्बन आणि थोडं क्रोमियम असतं. सव्वाआठशे-साडेआठशे अंशांपर्यंत तापवून ते तेलात बुडवलं की त्यावर कानस चालत नाही, नुसती घसरते. म्हणून सगळं घडवायचं ते मऊ असतानाच. चकली नाही का, आधी पाडायची आणि मग तळायची! पण तळताना चकली जशी थोडी वाकडी होते, तसं पोलादही वाकतं, फुगतं. त्यासाठी थोडी जादा जाडी ठेवतात आणि कडक झाल्यावर ती ग्राइंडिंग करून काढतात.

ग्राइंडिंगचं मशीन आमच्याकडे नाही. ते काम बाहेर द्यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात एकशेवीस बुशांची ऑर्डर होती. बुश कडक होऊन आले, पण भोकं किंचित अंडाकृती झालेली. ग्राइंडिंगवाल्याकडे तीन आठवडे नंबर लागेना, आणि माल दहा दिवसांत द्यायचा! ती ऑर्डर गेली असती, तर पुढचीही मिळाली नसती. रात्री जेवताना हे म्हणाले, "अगं, आता पुण्यात नोकरी बघतो. लेथ विकून टाकू." मुलगी सातवीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी काहीच बोलले नाही, पण घास गिळवेना.

सकाळी हेच म्हणाले, "एक उपाय आहे, पण महाग आहे." सीबीएनची टिप! बोरॉन आणि नायट्रोजनपासून केलेला हा पदार्थ कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल. अमेरिकेत १९५७ साली तो पहिल्यांदा तयार झाला. "मग हिराच का नाही लावत, बाबा?" मुलीने विचारलं. कारण तापलेल्या लोखंडात हिऱ्यातला कार्बन विरघळतो आणि हिऱ्याची धार झिजते.

किंमत साध्या कार्बाईडच्या टिपेच्या दहापट. माझी भिशी नुकतीच लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "लोखंडात कशाला घालतेस गं पैसे?" मी म्हटलं, "आई, बांगड्या नंतर करू. घर इथेच राहू दे."

टिपेला दोन टोकं होती. पहिलं टोक तिसऱ्याच बुशला उडालं. बुशला तेलासाठी आडवं छिद्र होतं, तिथे धार आपटली. आता उरलं एकच टोक! यांनी दिवसभर लेथला हातच लावला नाही, नुसता विचार केला. मग स्लाइडमधला ढिलेपणा काढला, बोरिंग बार आखूड आणि जाड घेतला, छिद्राची कड दगडाने घासून मोडली. काप एका वेळी जेमतेम ०.१ मिलीमीटर, आणि पाणी अजिबात सोडायचं नाही. कीस लालभडक निघत होता, बुश मात्र फारसा तापत नव्हता. उष्णता किसाबरोबर जाते म्हणूनच हे काम साधतं.

शाळेतून आल्यावर मोजायचं काम माझ्याकडे. फरक दोन शतांश मिलीमीटरपेक्षा जास्त चालणार नव्हता. बुश गरम असताना मोजला तर माप फसवं येतं. तीस मिलीमीटरचं भोक तीस अंशांनी तापलं, तरी एक शतांशाने मोठं दिसतं. म्हणून ताटात ओळीने मांडून, पूर्ण निवल्यावरच मी मोजायचे आणि वहीत लिहायचे. माल नवव्या दिवशी गेला. टिपेचे पैसे वजा जाता हातात फार उरलं नाही, पण ऑर्डर टिकली आणि लेथ पडवीतच राहिला.

घरात मशीन असेल तर एवढं सांभाळा. फिरत्या लेथजवळ पदर, ओढणी, मोकळे केस, मंगळसूत्र नको. हातमोजेही नकोत, ते हात ओढून नेतात. चष्मा हवाच. कीस हाताने उचलू नका, आकडीने ओढा आणि मुलं अनवाणी यायच्या आत झाडून घ्या.

आणखी एक. पिठाची गिरणी असो, छापखाना असो की लेथ, घरधन्याला कधीतरी सवडीने विचारा: हे काम कुठे अडतं, काय मोडतं, त्याला काय पडतं? अडचणीच्या दिवशी पैसे कुठे घालायचे, हे मग नुसतं रडून नाही, समजून ठरवता येतं.