उंचीची शिल्लक

कमी उंचीवरून जाणारें छोटें विमान दिसलें, कीं खालीं उभ्या असलेल्या माणसांस मोठें कौतुक वाटतें. वैमानिकाचें कौशल्य जणूं हाताला लागेल इतकें जवळ आलेलें असतें. मला मात्र अशा वेळीं कौतुकापेक्षां धास्तीच अधिक वाटते. आणि तिचें कारण २३ जून १९८० या दिवसाची आठवण हें होय.

त्या सकाळीं दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून 'पिट्स एस-२ए' जातीच्या दोन आसनी विमानांतून श्री. संजय गांधी व कॅप्टन सुभाष सक्सेना यांनीं उड्डाण केलें. हें दुपंखी विमान कसरतींसाठींच घडविलेलें. त्याच्या पंखांचा विस्तार अवघा २० फुटांचा. शहरावर कमी उंचीवर कसरती चालू असतां ताबा सुटला, विमान कोसळलें आणि दोघांचाही अंत झाला. संजय गांधींचें वय त्या वेळीं ३३ होतें.

विमान चपळ होतें, सोबतीला जाणता वैमानिक होता. मग उणें काय पडलें? उणी पडली ती सावरण्यापुरती उंची.

पंखांवरून वारा सुरळीत वाहात असतो, तोंवरच विमान तरतें. पंख वाऱ्याशीं फार तिरपे झाले, कीं हा प्रवाह तुटतो व आधार सुटतो. ६० अंश कलून त्याच उंचीवर वळण घ्यावयाचें तर पंखांवरील भार दुप्पट होतो. सरळ जातांना वेग ताशीं ६० मैलांवर आल्यास आधार सुटत असेल, तर अशा वळणांत तो ८५ मैलांवरच सुटतो. उपाय ठाऊक असतो : नाक खालीं करून वेग पुन्हां मिळवावयाचा. परंतु त्या उपायाची किंमत उंचीनेंच मोजावी लागते. ५०० फुटांवरून निराधार पडणारी वस्तु सहा सेकंदांच्या आंत भूमीस लागते!

मिळकत कितीही असली तरी आपल्या घरांतील जुनीं माणसें कांहीं शिल्लक मागें ठेवूनच खर्च करीत. उंची ही वैमानिकाची तशीच शिल्लक होय. ती उधळण्यास धाडस म्हणावें काय? स्वतःच्या एकट्याच्या जिवाचा प्रश्न असेल तर गोष्ट निराळी, असें कोणी म्हणेल. पण एकटा असा कोण असतो? त्या अपघातानंतर वडील बंधु राजीव गांधी वैमानिकाची नोकरी सोडून राजकारणांत आले व १९८४ सालीं पंतप्रधान झाले. हें सारें इतिहासांत नमूद आहे. सक्सेनांचें नांव मात्र थोड्यांच्याच स्मरणांत उरलें. त्यांच्याही घरीं त्या दिवशीं कोणी तरी वाट पाहात असेलच.