मास्तरांचा गोल

2021 च्या जानेवारीतली 10 तारीख, रविवारची रात्र. साडेदहा वाजून गेले तरी मी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. उद्या सकाळी मुलांना मोबाइलवरून अपूर्णांक शिकवायचे आहेत, याची सौभाग्यवतींनी दोनदा आठवण करून दिली. पण त्याच आठवड्यात माझ्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकाकडून साभार परत आलेले. झोप यावी कुठून? शेजारी चिरंजीवही जागे होते.

"बाबा, कोण जिंकणार?"

"टॉटनम."

"ठाऊकच आहे, तर बघायचं काय त्यात?"

प्रश्न बिनतोड होता. एका बाजूला लंडनचा बलाढ्य टॉटनम आणि दुसऱ्या बाजूला लिव्हरपूलच्या उत्तरेकडील क्रॉस्बी या समुद्रकाठच्या गावचा मरीन क्लब. इंग्लंडात वरच्या चार श्रेणींतले तेवढे लीगचे, बाकी सारे लीगबाहेरचे. मरीन होता आठव्या श्रेणीत! दोघांत 161 क्रमांकांचे अंतर. एफ. ए. कपात इतक्या अंतरावरचे संघ पूर्वी कधी समोरासमोर आले नव्हते.

हा क्लब 1894 सालचा. नाव मोठे दर्यावर्दी वाटते, पण ते पडले एका हॉटेलावरून. 1932 मध्ये हौशी संघांच्या कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत स्वारी पोचली आणि डलिच हॅम्लेटकडून 7-1 असा मार खाऊन परतली. मला मात्र लळा लागला तो रॉली हॉवर्ड यांचा. 1972 पासून 2005 पर्यंत, तब्बल 1,975 सामने, हा गृहस्थ संघाचा मॅनेजर होता आणि पोटासाठी लोकांच्या खिडक्यांच्या काचा पुसत होता.

मैदानाच्या एका अंगाला घरांची परसे अगदी लागून. साथीमुळे प्रेक्षकांना बंदी, म्हणून शेजारी आपापल्या कुंपणाआडून डोकावत होते. गल्ला बुडू नये म्हणून क्लबाने येऊ न शकणाऱ्यांनाच 10 पौंडांची तिकिटे विकली. खपली 30,697! मैदानात माणसे मावतात तीन हजारांच्या आसपास. (माझ्या कादंबऱ्यांना असे न वाचणारे गिऱ्हाईक मिळते तर!)

आणि टॉटनमला या गावात आणले कोणी? एका मास्तरांनी! नायल कमिन्स हे शाळेत व्यायाम शिकवणारे. आधीच्या फेरीत हॅवंट अँड वॉटर्लूव्हिलविरुद्ध 120 व्या मिनिटाला त्यांनी एकमेव गोल केला.

हे मी चिरंजिवांना सांगत होतो, एवढ्यात मरीनच्या केंग्नीने लांबून चेंडू हाणला. टॉटनमचा गोलरक्षक चुकला, चेंडू आडव्या दांडीवर आदळून परतला. तेव्हा एकही गोल झालेला नव्हता. चिरंजीव ताडकन उभे राहिले होते!

मग व्हायचे ते झाले. सदतिसाव्या मिनिटापर्यंत चार आणि शेवटी 5-0. तरी ते अखेरपर्यंत बसून राहिले. मी दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला,

"बाबा, ते मास्तर उद्या शाळेत जातील?"

"तिकडेही शाळा बंद आहेत रे."

"मग मोबाइलवरच शिकवतील. तुमच्यासारखे."

थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा, दांडीला लागला नसता तर?"

"झोप आता," मी म्हटले.

मला स्वतःला झोप लागायला बराच वेळ लागला.