ऊन आणि उजेड

माझ्या जालन्याच्या खोलीत उजेड येतो, ऊन येत नाही. वृंदावनातले रोप देताना आई म्हणाली होती, “हिला उन्हात ठेव.” म्हणून दिव्यांची चौकशी सुरू केली.

पिवळा बल्ब बहुतेक विजेची उष्णताच करून टाकतो. जवळ ठेवला तर पाने करपायची. ट्यूबलाइट थंड, पण भर दुपारचे ऊन लाखभर लक्स आणि ट्यूबखालचे माझे टेबल जेमतेम काही शेकडे! पानातले हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते. म्हणून झाडांचे खास एलईडी दिवे जांभळे. त्यात डोळ्यांना वाचवत नाही. पांढऱ्या एलईडीत तांबडा-निळा असतोच, वीजही कमी लागते. तोच घेतला. हातभर उंचीवर, रोज बारा-चौदा तास. एकाच दिव्यात तुळस वाढते, मी वाचते.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. या दिव्याचे बिल कपाशीच्या पैशातून जाते. आई-वडील तिकडे ऊन सोसतात, तेव्हा इथे आम्हा दोघींना उजेड मिळतो. ऊन आणि उजेड हे दोन वेगळे शब्द मराठीत का आहेत, ते मला आता कळते.